नाडी लागत नसलेल्या आईसाठी डीपी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
वीज उपविभाग कार्यालय, जि. बीड.

अर्जदार : कु. धनश्री भागवत देवकते, इयत्ता दहावी, रा. खांडेवाडी.

विषय : वस्तीवरील जळालेली डीपी बदलणेबाबत व अर्जदाराची आई हयात असल्याची नोंद घेणेबाबत.
संदर्भ : आपले "प्रकरण निकाली" असे पत्र.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदाराची आई सौ. सारजाबाई हिचे हृदय निकामी होत आल्याने पुण्याच्या डॉक्टरांनी छाती पूर्ण न उघडता, बरगड्यांच्या फटीतून छोटा पंप बसविला. त्याची वायर पोटातून निघून कमरेच्या पिशवीतल्या बॅटरीला जाते. बॅटरी भरलेली असली की आई शेळ्यांमागे बांधापर्यंत जाते, भावकीशी भांडतेसुद्धा.

पोळ्याला डीपी म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज गेली. तेव्हापासून अर्जदाराच्या दप्तरात पुस्तके कमी, बॅटऱ्या जास्त. त्या शाळेत चार्ज होतात, रविवारी सिरसाळ्याच्या गिरणीत. येत्या गुरुवारपासून दिवाळीची सुट्टी आहे. शाळेला कुलूप, गिरणीही बंद.

पहिल्या अर्जावर आपण रुग्ण हयात असल्याचा दाखला मागितला. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी उजवे मनगट धरले, डावे धरले, रक्तदाबाचे मशीन बदलले. हा पंप रक्त ठोक्याठोक्याने नव्हे, मोटारीच्या पाइपातल्या पाण्यासारखे सलग ढकलतो, म्हणून नाडी लागत नाही, हे अर्जदाराने सांगितले. आई म्हणाली, "सायेब, मी बोलायली हाय की तुमच्यासंगं, अजून काय पायजे?" त्यांनी मान डोलावली आणि लिहिले : नाडी लागत नाही, रक्तदाब मिळत नाही.

त्यावर आपण "रुग्ण हयात आढळून येत नाही" असा शेरा मारून प्रकरण निकाली काढले. वडील विचारायला आले तेव्हा आपल्या बाबूंनी त्यांना खुर्ची दिली. शेळ्या राखणाऱ्या माणसाला आपल्या कार्यालयात पहिल्यांदा खुर्ची मिळाली, ती बायको मेली म्हणून. बाबू म्हणाले, "देवकते, लई वाईट झालं. मीटर तिच्या नावावर हाय. मृत्यूचा दाखला आणा, तुमच्या नावावर करून टाकू." घरी हे ऐकून आई हसली. म्हणाली, "मीटर तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

अर्जदाराचा वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिला नंबर आहे. आपल्यासमोर उभे राहून हे सगळे सांगायला ती भीत नाही. पण तोंडी बोललेले आपल्याकडे चालत नाही, हे आईच्या बाबतीत दिसलेच.

तरी बुधवारच्या आत आपला लाइनमन वस्तीवर पाठवावा. आईच्या बरगडीला कान लावला की पंपाची घरघर ऐकू येते. मोटार चालू आहे की बंद, एवढे त्याला नक्की कळेल. चालू आढळल्यास डीपी बसवावी. न बसविल्यास घरघर आपोआप थांबेल, आणि आपले पत्र दुरुस्त करायची गरज उरणार नाही.

आपली नम्र, आणि गुरुवारच्या आधी उत्तर हवे असलेली,
धनश्री भागवत देवकते
दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) दवाखान्याचा दाखला.
२) सौ. सारजाबाईंचा अंगठा, आपले पत्र वाचून दाखविल्यानंतर घेतलेला.