ऑटोचा स्विच

आबा, आज दुपारी रहिमतपूरच्या एका मुलीचा फोन आला. इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "ताई, ओपन सोर्समधलं पहिलं काम तुम्हाला सापडलं कसं?" मी इथं साताऱ्यात खुर्चीला रेलून ऐटीत सांगितलं, सोप्या तक्रारींची यादी असते, त्यातली एक उचलायची, झालं. फोन ठेवला, पण तिला मी अर्धंच सांगितलं होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी त्या यादीमागचं खरं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ओपन सोर्स म्हणजे झाकण उघडून ठेवलेली मोटर समजा. जगातल्या कुणीही यावं, आत बघावं, दुरुस्ती सुचवावी. पण सुचवलेलं सगळं आपल्या नावानिशी चारचौघांत राहतं. सांगलीला तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांनी प्रत्येकाला अशी एक दुरुस्ती करायला सांगितली. महिनाभर शोधलं. सोपी कामं आधीच कुणीतरी धरलेली, अवघड कामं बघूनच घाम फुटायचा. आपलं चुकलं तर सगळी दुनिया हसेल, ही एक भीती होतीच. मग एका दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये शेतीपंप चालवणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या तक्रारींची यादी उघडली. त्यात एक जुनी तक्रार तशीच पडून होती. लाईट गेली आणि परत आली की पंप आपोआप सुरू होतो, तो माणसानं बटण दाबल्याशिवाय सुरू होऊ नये. मी यादी बंद केली. शेजारची मैत्रीण भडंग खात होती, तिनं पुडी पुढं केली, मी ती तशीच परत सरकवली.

मळ्यातला तो दिवस आठवला. मी आठवीत आहे. आईनं मला मळ्यात बसवलंय, लाईट आली की मोटर चालू कर म्हणून. मी स्टार्टर ऑटोवर टाकते, म्हणजे लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होईल, आणि आंब्याखाली गोष्टीचं पुस्तक घेऊन बसते. तुम्ही इस्लामपूरहून येता, हत्यारांची पिशवी खाली ठेवता. लाईट नाहीच, तर तेवढ्यात पट्टा बदलू, म्हणता. लोकांच्या मोटरीवर काम करताना तुम्ही आधी फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचात, म्हणजे तुम्ही असेपर्यंत कुणाला काही चालू करताच येऊ नये. पण आज मळा आपला आहे आणि स्टार्टरच्या पेटीजवळ तुमची पोर आहे. "ऑटो बंद हाय न्हवं?" तुम्ही विचारता. "व्हय आबा," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणते. उठून बघायला चार पावलं होती. मग लाईट आली आणि पेटीत खट्ट वाजलं, तुमचा हात पट्ट्यातच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "मलाच इसर पडला." उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याहून वाईट म्हणजे तुमचं नाव गेलं. फ्यूज खिशात ठेवणारा माणूस विसरलाच कसा, म्हणत लोक दुसऱ्या फिटरकडं जाऊ लागले. तुम्ही कुणालाच खरं सांगितलं नाहीत, आईलासुद्धा नाही. मला एकदाच बोललात, तेही कधी नव्हे इतक्या हळू आवाजात. "बघितल्याबिगर व्हय म्हणायचं न्हाई, पोरी." त्यापेक्षा मुस्काटात दिली असतीत तर बरं झालं असतं.

ती दुरुस्ती जेमतेम तीन ओळींची होती. मला आठ दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी तपासताना ते खट्ट ऐकू यायचं. शेवटी पाठवली. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसानं विचारलं, पंप आपोआप सुरू झाला तर शेतकऱ्याची सोयच की, मग हे कशाला? एखादं खरं उदाहरण दे. दोन दिवस मी उत्तर लिहायची आणि खोडायची. त्याला सगळं कळलंय असंच वाटायचं. मग लिहिलं, 'आमच्या गावात दुरुस्ती करणारा माणूस ऑटो बंद करायला विसरला. त्याची बोटं गेली.' त्यानं आभार मानले, दुरुस्ती घेतली. सरांनी वर्गात कौतुक केलं. तुम्ही मला वाचवायला जे खोटं बोलला होतात, तेच मी माझ्या नावानं जगापुढं मांडलं. गावात निदान लोक विसरतात. तिथं ते अजून जसंच्या तसं आहे, आणि ते मला पुसता येत नाही.

पण त्याच्याखाली नवीन टिपण जोडता येतं. त्या मुलीचा फोन झाल्यावर मी ते पान उघडलं आणि लिहिलं, 'तो माणूस विसरला नव्हता. तो माझा बाप होता. ऑटो मी टाकला होता, आणि त्यानं विचारल्यावर न बघताच हो म्हणाले होते.' समोर पाठवायचं बटण आहे. चार वेळा वाचून झालं, आता बघायचं काहीच राहिलेलं नाही. तरी ते दाबलेलं नाही, आबा. मला भीती वाटते.