किल्ली सिरोंच्याच्या गाडीत

प्रिय रईस,

पाकीट हाताला जड लागलं असेल. आधी पत्र वाच, मग पाकीट उलटं कर.

सहा वर्षांत एक फोन नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून हसशील. हस. मी चंद्रपूरजवळच्या नव्या पार्कात फिटर आहे. राज्यातला सर्वांत उंच रोलर कोस्टर इथेच, निदान फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. आसपासच्या गावांतले लोक त्याला उलटी गाडी म्हणतात. पगार बरा, खोली पार्कातच. आयटीआयची मूळ कागदपत्रं मात्र ऑफिसच्या कपाटात, तीन वर्षं नोकरी सोडायची नाही या बोलीवर. माझी बायको पुनम म्हणते, सोन्याचा पिंजरा आहे. सोन्याचा कुठला, पत्र्याचा आहे आणि उन्हात तापतो.

चौथ्या डब्यातल्या एका खुर्चीचा खांद्यावरचा दांडा नीट अडकत नाही. तो सैल झाला की सेन्सर गाडी थांबवतो. दोनदा अगदी टोकावर थांबली. लोकांना एकेक करून लोखंडी जिन्याने मी उतरवलं. गडचिरोलीच्या एका बाईने खाली येईस्तोवर माझं मनगट सोडलं नाही. "भाऊ, मले सोडू नका," एवढंच म्हणत होती. मॅनेजरने नवा दांडा मागवला नाही, सेन्सरच बंद करायला लावला. मी केला. रोजच्या तपासणीच्या रजिस्टरात सही माझी असते. काही झालं तर दोषी मी, आणि तोंड उघडलं तरी नोकरी माझीच जाणार.

उद्या रविवार. एका दिवसात शंभर फेऱ्यांचा विक्रम करायचा आहे, चौथा डबाही भरून.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे असताना आपण शिकलो ते आठवतं ना? यंत्रात हात घालणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ब्रह्मपुरीच्या राइस मिलमध्येही आपण ते सोडलं नाही. त्या दिवशी तुझा खिसा फाटका होता, म्हणून यंत्राच्या पट्ट्याखाली शिरताना किल्ली माझ्याकडे दिलीस. मालक ओरडला, "उघड ना बे, धान पडून राह्यलं." तू बाहेर आलास असं मला वाटलं, हे मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मी तुला एक हाक मारली आणि उत्तर यायच्या आत किल्ली मालकाला देऊन टाकली, आणि पट्टा सुरू झाला. दवाखान्यात दोन बोटं गेलेला हात पोटाशी धरून तू म्हणालास, "माहीच गलती होती." त्यानंतर तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. मला माफ कर, रईस.

आज सकाळी मी सेन्सर परत जोडला, उलट्या गाडीच्या मेन स्विचला माझं कुलूप लावलं आणि रजिस्टरात 'चालवू नये' लिहून सही केली. कागदपत्रं गेलीच समज. त्यांना कुलूप तोडता येईल, पण मग तोडणाऱ्याला माझ्या सहीखाली स्वतःचं नाव लिहावं लागेल. भीती त्यांची नाही, माझी आहे. कोणी ओरडलं की माझा हात अजूनही खिशाकडे जातो. म्हणून तुझ्याकडे सिरोंच्याला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत, कंडक्टरच्या हाती हे पाकीट देतोय. मी फोन करून रडलो तरी किल्ली परत पाठवू नको. तुझ्या उजव्या हाताला तीनच बोटं उरलीत, पण माझ्या खिशापेक्षा किल्ली त्या हातातच बरी राहील.

तुझाच, आणि तुझ्या दोन बोटांचा देणेकरी,
धनराज