खिंडीपलीकडचा हिरवा रंग

आबा, सोमवारी रेडिओच्या ऑफिसात तुमची सही बघितली आणि तुमचा असा राग आला की समोरचा चहा तसाच गार झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कोणीही म्हणेल. म्हणू दे. जिथे रेडिओ पोचत नाही अशा एका भागाला छोटं प्रक्षेपण केंद्र मिळणार होतं. भिंतीवर नकाशा लावलेला. आवाज पोचतो तिथे हिरवा रंग, नाही तिथे पांढरा. धरणामागचं आपलं सगळं खोरं हिरवंगार. मी विचारलं, हे कशावरून? साहेबांनी फाईल उघडून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं, श्रोत्यांकडून भरून घ्यायचो त्यातलं. ‘स्पष्ट’, ‘मध्यम’, ‘ऐकू येत नाही’. ‘स्पष्ट’पुढे बरोबरची खूण, खाली तुमची सही. त्या एका कार्डावर खोरं रंगवून टाकलं, आणि त्यानंतर घाटापलीकडे गाडी नेऊन तपासायची कोणाला गरज वाटली नाही.

मला निवेदिकेची नोकरी लागली तेव्हा तुम्ही पौडच्या बाजारातून रेडिओ आणला. संध्याकाळी मी शेतीची माहिती आणि हवामान वाचायची. बाजाराच्या दिवशी बूथवरून तुमचा फोन. “लई साफ येतंय बघ. शेजारी बसून बोलतीस असं वाटतं.” मी ते ऑफिसभर सांगत सुटायची. तुमच्या तेराव्याला शेजारच्या काकूंनी भांडी घासता घासता सांगितलं, “तुजा बा रोज वर खिंडीत जायाचा रेडू घिऊन. घरात कुटं काय लागतंय? तितं बी नुसती खरखर. पोरीचा आवाज वळकू येतोय, तेवडं बास हाय, म्हनायचा.”

तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण लोक पारावर वाट बघत बसायचे, आणि खाली आल्यावर तुम्ही त्यांना मी काय सांगितलं ते सांगायचात. म्हणजे मनाचंच सांगायचात. एका वर्षी भात कापणीला आलं होतं. मी दोन दिवस कानीकपाळी ओरडत होते, पाऊस येतोय, कापणी थांबवा. तुम्ही पारावर सांगितलंत, “पोरगी म्हनली उघाड हाय, कापून घ्या.” कापलेलं भात खाचरात भिजलं, त्याला मोड आले. दिवाळीत मी आले तर बायका माझ्याशी बोलेनात. एकीने तोंडावर सुनावलं, “रेडूवर बसून खोटं बोलतीस व्हय गं?” तुम्ही शेजारी उभे होतात. खाली मान घालून उभे राहिलात, पण “मला ऐकूच येत न्हाई” एवढं तुमच्या तोंडातून निघालं नाही. माझी अब्रू जाऊ दिलीत आणि स्वतःची राखलीत, आबा.

सोमवारी भूगावच्या फ्लॅटमधून येणारा नवा अधिकारी म्हणाला, “मॅडम, आता अॅप आहे ना. ज्यांना ऐकायचंय ते मोबाईलवर ऐकतील.” त्याला काय सांगू? मोबाईलच्या रेंजसाठीसुद्धा आपली माणसं त्याच खिंडीत चढतात. साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही तिथल्याच ना? येतं ना ऐकू?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो, येतं.” केंद्र दुसऱ्या तालुक्याला गेलं. वडलांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं, अशी मी बसमध्ये पिरंगुटपर्यंत मनाची समजूत घालत होते.

ती मी स्वतःलाच मारलेली थाप होती. कार्ड मीच घेऊन आले होते, त्याच दिवाळीत. तुम्ही गोठ्यात होतात. मी रेडिओ लावला, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नुसती खरखर. बाहेरून तुम्ही विचारलंत, “लागलं का?” मी म्हटलं, “लागतंय की.” मी तेव्हा हंगामी होते, आणि ऑफिसात सांगत होते, ज्याच्या गावात आपला आवाज पोचत नाही त्याला नोकरीत कायम कशाला करायचं. खूण मी केली. कार्ड तुमच्यापुढे धरलं. तुम्ही आधी खुणेकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि सही केलीत.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही. साहेबांना तर नाहीच, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय. आज संध्याकाळीही मी हवामान वाचलं. मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी कापणी दोन दिवस पुढे ढकलावी, असं अगदी स्पष्ट उच्चारात सांगितलं.