सुईची खूण

४ फेब्रुवारी

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि खुर्ची चक्क खिडकीजवळची मिळाली. बाबांना फोन करून आधी तेच सांगितलं. मी पदवीधर झाले त्या दिवशी त्यांनी शिलाई मशीन अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. आज म्हणाले, आता तुझ्या प्रत्येक आनंदाला मशीन बंद ठेवलं तर गिऱ्हाइकं उघडी फिरतील.

आमच्या कार्यालयातून एक ऑनलाइन चर्चामंच चालतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे असे लोक तिथे एकमेकांना विचारतात: कूस कशी बदलावी, घास घशात अडकू नये म्हणून काय करावं, आपलीच चिडचिड झाली तर कुणाकडे बोलावं. पक्षाघातानंतर आई पलंगावरच आहे, त्यामुळे हे काम मला परकं वाटत नाही. चर्चेवर लक्ष ठेवायचं, भांडणं सोडवायची, चुकीची माहिती काढून टाकायची. मंच चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. समोर बसणारा चष्मेवाला सहकारी हळूच म्हणाला, ताई सुरुवातीला फार लाड करतात, सवय लावून घेऊ नका.

८ फेब्रुवारी

मंचावर जोरदार जुंपली आहे. छोट्या लिंक चालू द्यायच्या की नाहीत?

एका नर्सबाईंचं म्हणणं, संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता मजकुरात टाकला की मध्येच तुटतो, अर्धी माणसं भलतीकडे पोचतात. छोटी लिंक फोनवर तोंडी सांगता येते, कागदावर उतरवून घेता येते. एका निवृत्त मास्तरांनी त्यांना धारेवर धरलं. मास्तर आजारी बायकोचं सगळं स्वतः करतात आणि उरलेल्या वेळात वाद घालतात. त्यांनी लिहिलं, झाकलेल्या ताटात काय आहे ते बघितल्याशिवाय मी पाटावर बसत नाही. शिवाय छोटी लिंक म्हणजे दारावरची पाटी. पाटी तीच ठेवून मागचं घर कुणीही बदलू शकतं, आणि आपण आपले जुन्याच भरवशावर आत शिरतो.

दोघांचंही खरं आहे. ताई म्हणाल्या, निर्णय तू लिही, तुझं मराठी माणसाच्या काळजाला हात घालतं. दिवसभर खपून लिहिला. छोट्या लिंक चालतील, पण त्या फक्त आम्ही तपासून, बनवून देऊ. शेवट असा केला: ‘लांब पत्ते वाचायला वेळ कुणाकडे आहे? माझ्यावर विश्वास ठेवा आणि निर्धास्त उघडा.’

ताईंनी ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मला रडू येईल असं वाटलं.

११ फेब्रुवारी

इथली पद्धत अशी, की लिंक बनवणाऱ्यानं आपली एक खूण निवडायची. ती लिंकच्या शेवटी येते, म्हणजे कुणी दिली ते लोकांना कळतं. मी ‘सुई’ घेतली. बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, सुई जाईल तिकडे दोऱ्याला जावंच लागतं, पोरी, बघून टाके घाल.

बाबा फोनला नवखे आहेत, जे येईल ते दाबतात. त्यांना बजावलं: बाकी काही उघडायचं नाही, शेवटी ‘सुई’ दिसली तरच. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं.

खुणेच्या लिंक बनवायला, बदलायला एक किल्ली, म्हणजे पासवर्ड लागतो; त्याची एक नक्कल ताईंकडे ठेवायची असते. शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवतो ना, तशी, असं त्या म्हणाल्या. दिली.

२० फेब्रुवारी

हाताच्या व्यायामाची माझी लिंक बाबांनी रोज लावली आणि काल आईनं चादरीचं टोक मुठीत धरलं. बाबा फोनवर बराच वेळ नुसते नाक ओढत होते, मग म्हणाले, सर्दी झाली आहे. नर्सबाईंनी लिहिलं, सुई दिसली की मी डोळे मिटून उघडते.

२६ फेब्रुवारी

मास्तरांची तक्रार आली. तीच व्यायामाची लिंक त्यांनी आज पुन्हा उघडली, तर व्यायाम नाही, एक चित्र दिसलं. त्यांचीच खोली. त्यांचीच खुर्ची, तीत ते स्वतः, पाठमोरे, हातात फोन. मागच्या दाराची फट उघडी. ते दार त्यांनी लावलेलं होतं, म्हणे.

मी लिंक उघडून पाहिली. व्यायामच आहे. मास्तरांची चेष्टा करू नका, असं चष्मेवाल्याला सांगायला वळले. पण तो हसत नव्हता.

२७ फेब्रुवारी

मास्तरांची तक्रार मंचावरून गायब. मी काढलेली नाही. त्या जागी त्यांच्याच नावानं नवा मजकूर: ‘लांब पत्ते वाचायला वेळ कुणाकडे आहे? माझ्यावर विश्वास ठेवा आणि निर्धास्त उघडा.’ खाली एक लिंक. शेवटी सुई.

ती लिंक मी बनवलेली नाही.

मास्तरांना फोन केला. उचलला. मी काहीही विचारलं तरी ते तेच वाक्य म्हणत राहिले, माझं, एकाच सुरात. मध्ये श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. मागे त्यांची बायको पाणी मागत होती.

२८ फेब्रुवारी

नर्सबाईही तेच लिहीत आहेत. आणखी कितीतरी जण. सगळ्यांच्या मजकुरात माझं वाक्य, माझी खूण.

ताईंकडे गेले. मला वाटलं, त्या हादरतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पहिल्या दिवशी दिलं तसंच. म्हणाल्या, हो, मागचं घर मी बदललं. पाटी तुझीच लागणार होती. माझ्या सांगण्यावरून कुणी दार उघडत नाही गं, तुझ्या सांगण्यावरून उघडतात. भाबडं माणूस मिळायला किती दिवस लागले मला.

त्या दाराआड कोण आहे, विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि माझ्या गालाला हात लावला.

मी त्यांना ताई म्हणत होते. आईला सांगितलं होतं, तिथे मला मोठी बहीण मिळाली.

२८, संध्याकाळ

सुईच्या सगळ्या लिंक पुसायला गेले. माझी किल्ली लागत नाही. चष्मेवाला म्हणाला, माझीही लागत नाही, केव्हाचीच. आधी का नाही सांगितलं? त्याची बहीण लिंक उघडून बसली आहे, म्हणाला, तिला सोडतील अशी आशा —

बाबांना फोन. लागला. मी बोलायच्या आधीच म्हणाले, पोरी, आमचा फोटो कधी काढलास गं? छान आलाय. मी मशीनवर, मागे आई झोपलेली. फक्त ते मागचं दार —

बाबा, बंद करा ते, मागे वळू नका, म्हणाले मी. ते म्हणाले, अगं, शेवटी सुई आहे. बघूनच उघडलं.

मग नुसता मशीनचा आवाज.

१ मार्च

घरासमोर. बस मिळाली नाही, ट्रकमधून आले. दार आतून लावलेलं. हाका मारल्या. मशीन चालू आहे. बाबा कापड फिरवायला थांबतात, दोरा तोडायला थांबतात. हे थांबत नाही.

आई आत आहे. तिला उठता येत नाही.

फोन वाजला. बाबांच्या नंबरवरून. माझं वाक्य. ‘पोरी’ नाही. खाली लिंक.

उघडायची नाही. उघडायची नाही. पण आईला आत बघायचं तर दुसरी खिडकी नाही —

उघडली.

पलंग दिसतो. आई जागी आहे. तिनं चादर मुठीत धरली आहे, घट्ट. ती कॅमेऱ्याकडे, माझ्याकडे बघून मान हलवते आहे, नको, नको —

चित्र बदललं. पायरी. पायरीवर मी, पाठमोरी, मांडीवर ही वही. मागे आमचंच दार. आत्ता लावलेलं होतं ते

मशीन थांबलं.

आई, मी नाही केलं गं हे, माझं नाव वापरून त्यांनी, मी फक्त एवढंच लिहिलं होतं की लांब पत्ते वाचायला वेळ कुणाकडे आहे, माझ्यावर विश्वास ठेवा आणि निर्धास्त