साडेसातशे मिलीतला चहा

७ जानेवारी, रविवार
लेकीने, इराने, मापाचं भांडं आणलं. प्लास्टिकचं, लाल रेघांचं. दिवसभरात साडेसातशे मिली. पाणी, आमटी, ताक, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं धरून. त्यातच चहा बसवायचा. सकाळी नव्वद, दुपारी नव्वद. घरातला सगळ्यात लहान कप काढला तरी नव्वद मिली तळाशीच राहतं.

दादा मुलुंडहून आला, निलगिरी चहाची पुडी घेऊन. अकरा वर्षं झाली, एक रविवार सोडून एक रविवार आम्ही बहीण-भाऊ नवा चहा पितो, कधी घरी, कधी बाहेर, आणि या वहीत मी त्याला गुण देते. डायलिसिस सुरू होऊन महिना झाला. वाटलं होतं, आता हेही गेलं. तर म्हणतो, "दिवसाला दोनच ना? मग दोन्ही कडक पाहिजेत. फालतू चहा प्यायचाच नाही आता."

कोराच केला. दूधही मोजूनमापूनच चालतं. संत्र्याच्या सुकलेल्या सालीसारखा वास. चार घोटांत संपला. गुण ७.

कप रिकामा झाल्यावरही हातात धरून बसले होते. दादाने बघितलं.

९ जाने., मंगळवार
डाय. वजन तीन किलो जास्त. शोभा सिस्टर काट्याकडे बघत, "मेधाताई, खरं सांगा, काय प्यायलात?"
काही नाही म्हटलं.
खरं असं की काल कामावर, कॉलेजच्या लायब्ररीत कोणी नव्हतं. मागच्या रॅकमध्ये उभी राहून अर्धी बाटली पाणी संपवलं, चोरासारखं. तोंड असं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते. लोक म्हणतात लिमलेटची गोळी चघळ. लोकांना तहान माहीत नाही.
तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे. ओरडले. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी पेपर खाली करून बघितलं, परत वर केला. त्यांनाही येतात.

२१ जाने., रविवार
अंधेरी, मेट्रोच्या खांबांपाशी उघडलेलं नवं कॅफे. व्हाइट टी. मेनूत लिहिलेलं, मध आणि सुक्या गवताचा सुगंध. दादा पहिल्या घोटाला, "हे काय गं, भांडी विसळलेलं पाणी." खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी. माझे गुण ४, दादाचा १.
किटलीत उरलेला त्यानेच पिऊन टाकला, नाक धरून. माझ्यासमोर भरलेली किटली राहू नये म्हणून.

मग टेबलाकडे बघत, "माझा ग्रुप ओ आहे. तुला माहितीय."
माहितीय. किडनीसाठी मला ओच चालतो. नवऱ्याचा, सतीशचा बी, तो पहिल्याच दिवशी बाद. आईचा ओ, पण ती चौऱ्याहत्तर वर्षांची, वर बीपी.
"मी विचारलं नव्हतं, दादा."
"म्हणूनच बोलतोय. तू मरशील पण विचारणार नाहीस."
"वहिनीला सांगितलंस?"
"सांगतो."

घरी येऊन सतीशला सांगितलं. नवरा माझा शांत माणूस. "बरं झालं" म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

३० जाने., मंगळवार
दादाच्या तपासण्या सुरू. डाय.वरून आले तर वहिनीचा फोन.
"ठरवून मोकळे झाले तुझे भाऊ. जेवताना सांगितलं मला. भाजी वाढ म्हणतात ना, तसं."
फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मी नको म्हणत नाहीये हं मेधा. दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये चढउतार असते त्यांची. नंतर जमेल का, एवढंच विचारतेय."
डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं, असं मी सांगितलं.
"डॉक्टर म्हणतात," ती म्हणाली. मग कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.
तिच्या जागी मी असते तर एवढंही नीट बोलले नसते.

११ फेब्रु., रविवार
जुळलं. सगळं. क्रॉसमॅच निगेटिव्ह.
मुलुंडला दादाकडे गेलो. आई त्याच्याकडेच असते. तिला समजावलं, निगेटिव्ह म्हणजे चांगलं. "निगेटिव आणि चांगला? काय ता." मग जवळ बसवून घेतलं आणि हळूच, "व्हया तर माझी घेवा गो. माझा काय आता." पाठीवरून हात फिरवत राहिली.
दादाने आसामचा दाणेदार उकळला, आलं ठेचून, घरातल्या सगळ्यांसाठी. मला नव्वद, मापाने. गुण ८. आमच्या चाळीतला चहा असाच असायचा, बाबा मिलमधून आले की.
वहिनीने पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि आत गेली. निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मार्चअखेर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणतायत. मार्चअखेर. दोनदा लिहून बघितलं.

२५ फेब्रु., रविवार
दादाला अचानक कामावर जावं लागलं. कुठेतरी लिफ्ट अडकली. घाटकोपरला जायचं ठरलं होतं, काश्मिरी कहवा मिळतो तिथे. घरी बसवेना. एकटीच गेले.

पितळेची किटली. केशर, दालचिनी, वेलची. पहिला कप नजरेने मोजून नव्वद. मग तशीच बसून राहिले. किटलीच्या तोंडातून वाफ येत होती. मनात आलं, महिन्याभरात ऑपरेशन होणारच आहे. मनात आलं, आजचा दिवस. दुसरा घेतला. मग मोजलं नाही. किटली उलटी करून शेवटचे थेंब पण. मग आणखी एक मागवली.

गुण ९.
घरी सांगितलं, बंद होतं ते कॅफे.

२७ फेब्रु., मंगळवार (वॉर्डातून)
काल सकाळी उठले तर श्वास आत जाईना. छातीत नुसती घरघर. ओठ निळे पडले होते, इरा सांगते. सतीश आणि तिने रिक्षात घालून आणलं. फुप्फुसात पाणी. लगेच मशीनवर. नाकाला अजून नळी आहे.

डॉक्टरांनी विचारलं, किती प्यायलात. या वेळी खरं सांगितलं. सांगून झालं तेव्हा बघितलं, दादा दारात उभा होता. कामाचा निळा शर्ट, हाताला ग्रीस.
डॉक्टर जाईपर्यंत थांबला.
"मी पोट फाडून घ्यायला निघालोय आणि तू किटल्या रिकाम्या करतेस?"
"दादा, एकदाच..."
"एकदा काय, वाट लागली असती काल तुझी. स्वतःची दोन घालवलीस, आता माझी पण घालवशील."
सतीश मध्ये पडला, "दादा, आत्ता नको."
दादा गेला. गाठ मारलेली एक पिशवी खुर्चीत विसरून गेला. आत मोसंबी. मला मोसंबी चालत नाहीत, पोटॅशियम. त्याला माहीत असायला हवं होतं. नाही, मी असं म्हणायला नको.
माझी मूत्रपिंडं मी घालवलेली नाहीत, बीपीने गेली. पण बाकीचं तो बोलला ते खरंच आहे.

१२ मार्च, मंगळवार
डाय. संपल्यावर डॉक्टरांनी मला आणि सतीशला केबिनमध्ये बोलावलं.
"तुमच्या भावाला डोनर म्हणून घेता येणार नाही. वैद्यकीय कारण आहे. त्यांची खासगी माहिती आहे, मला सांगता येत नाही."
सतीश म्हणाला, "पण रिपोर्ट तर सगळे..."
"हो. पुढच्या तपासणीत आलं." डॉक्टर पेनचं टोपण लावत होते, काढत होते.

संध्याकाळी दादाचा फोन.
"साखर निघाली गं माझी."
"बरं. जप."
"हो."
"गोळी चालू केली?"
"हां... करणारेत."
पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला. मग त्याने "ठेवतो" म्हटलं.

१७ मार्च, रविवार
दादा आला नाही. नवी पुडी नाही. घरातलाच चहा. गुण दिले नाहीत.
आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून मग, दादाच्या साखरेचं काय?
"साखर? तेका खंयची साखर? आत्ता माझ्यासमोर दोन चमचे घालून चाय घेतल्यान."
मग एकदम आवाज बारीक करून,
"मेधा, मी काय बोलाक नाय हां."
नाही बोललीस आई.

१९ मार्च, मंगळवार
डाय. शोभा सिस्टर सुई टोचत होती, तिच्याकडे न बघता विचारलं, डोनरला शेवटी नको वाटलं तर काय करतात?
तिने पट्टी चिकटवली. मग, "एकट्याला बोलावून विचारतात, ताई. नको म्हणाला तर घरच्यांना वैद्यकीय कारण सांगतात. माणसं तुटू नयेत म्हणून." मशीनचं बटण दाबलं. "मला विचारलं नाहीत हां तुम्ही."

घरी सतीशला सांगितलं. चपला घालायला लागला. मुलुंडला जातो, तोंडावर विचारतो.
"जाऊ नकोस."
"का?"
"तू विचारलंस तर त्याला खरं सांगावं लागेल."
चपला काढल्या. जेवला नाही.

नक्की कशाला घाबरला दादा? सुरीला? त्या शाफ्टमध्ये पुन्हा उतरता आलं नाही तर, याला? वहिनीने हात जोडले असतील? यातलं काहीही असू दे. फक्त घाटकोपरची किटली नको. पण वॉर्डाच्या दारातला त्याचा चेहरा समोर येतो आणि दुसरं कारण सुचत नाही.

३१ मार्च, रविवार
दादा आला. न कळवता. दार्जिलिंगची पुडी. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ.
सतीशने "या" म्हटलं आणि इस्त्रीचे कपडे आणायला निघून गेला.
चहा केला. सवयीने साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला. लहानपणी आई ओरडायची त्याला, चहात साखर की साखरेत चहा म्हणून.
"नको मला. बंद केलीय."
प्यायला. प्रत्येक घोटाला गळ्याची गाठ वर जाऊन खाली येत होती. मी बघत बसले. तेव्हा म्हणू शकले असते, घाल रे दादा साखर, मला माहितीय सगळं. एवढंच वाक्य होतं. त्याला मोकळं करता आलं असतं.
"कसा आहे?" मी विचारलं.
"कडू."
"सवय होईल."
हे मी म्हणाले. मी. त्याने झटकन वर बघितलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं की मला कळलंय. वीस मिनिटांत उठला. कप पूर्ण संपवून.
माझा नव्वद मिली तसाच गार झाला. पहिल्यांदा ओतून दिला.

६ एप्रिल, शनिवार
मरणोत्तर अवयवदानाच्या यादीत नाव लागलं. किती वर्षं ते कोणी सांगत नाही. कोणाच्या तरी घरी कोणीतरी जाण्याची वाट बघायची. बघायला लागलेच आहे मी.

डाय.वरून आले तर इरा दारातच. "मी तपासणीला नाव दिलंय. माझा ओ आहे." सतीश गॅलरीत, पाठ करून उभा. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे तोच घेऊन गेला तिला.
ओरडले. काय काय बोलले. बावीस वर्षांची आहेस, अजून काही सुरू पण झालेलं नाही तुझं. धाप लागेपर्यंत ओरडले.
इरा शांत. "मामा नाही म्हणाला तर तू त्याला चहा करून दिलास. मी हो म्हणतेय तर माझ्यावर ओरडतेस?"
तिलाही माहितीय. या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे.
सतीशशी बोलत नाहीये. तो तरी काय करणार, बायको की मुलगी. मी त्याच्या जागी... नको.

१३ एप्रिल, शनिवार
डाय. चालू असताना दादाचा फोन. उजव्या हाताने उचलला, डाव्यात सुया.
"इराचं आईकडून कळलं. तिला थांबव."
"ऐकत नाही ती."
"पोर आहे ती, यार. थांबव तिला. मी..." मागे ड्रिलचा आवाज. तो बंद होईपर्यंत दोघं थांबलो. "मी उद्या येतो. बोलायचंय."
"काय बोलायचंय?"
"उद्या."

सतीशला सांगितलं, उद्या दुपारी इराला घेऊन बाहेर जा कुठेतरी. का ते त्याने विचारलं नाही. इराची तपासणी सोमवारी आहे.

दादा काय सांगायला येतोय माहीत नाही. खरं काय घडलं ते कबूल करेल. माफी मागेल. किंवा वॉर्डात बोलला तेच पुन्हा बोलेल. किंवा मी देतो म्हणेल, इराऐवजी मी, आणि ते मनापासून नसेल, पोरीला वाचवायला म्हणून म्हणेल. तसं म्हणाला तर चांगल्या बहिणीने काय म्हणायला हवं ते मला ठाऊक आहे. ते मी म्हणणार नाही. मी हो म्हणेन. आजच लिहून ठेवते.