अंतराचा फरचा कोट

प्रिय अंतरा,

फोन घेतला की दादा शेजारी येऊन बसतात, म्हणून लिहितेय. कागदाचा फोटो काढून पाठवीन. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. सारखी उठते आणि तुझा फरचा कोट बघून येते.

गेल्या जानेवारीत तू बिश्केकहून सुट्टीला आलीस, तिथल्या अझमतशी लग्न करणार म्हणालीस, दादा बापाच्या हक्कानं ओरडले, आणि तू कोट न घेताच परत निघून गेलीस. तिथल्या थंडीत काय घातलं असशील, हा घोर मला किती दिवस होता! कोट मीच सांभाळला. प्लास्टिकमध्ये कातड्याला हवा लागत नाही, हे तूच सांगितलेलंस. म्हणून जुन्या पातळाची पिशवी शिवली. रुंद हँगरला, इतर कपड्यांपासून सुटा टांगला. कॉलरची कोल्ह्याची फर दणकट, लांब केसांखाली दाट लव. आतलं सशाचं अस्तर मात्र नाजूक, नुसता हात फिरवला तरी केस सुटतात.

दिवाळीनंतर एक दिवस कोट जागेवर नाही! दादांनी तो त्यांच्या मित्राला, विजयसिंह भावजींना, नाटकासाठी देऊन टाकला होता. म्हणाले, "तिलाच नको तर कशाला ठेवायचा? मेलेल्या जनावराचं कातडं हाय ते." मी तशीच चप्पल घालून मंगळवार पेठेत त्यांच्या तालमीला गेले. भावजी राजा होऊन घामाघूम उभे. "वहिनी, एवढा प्रयोग तरी होऊ दे की!" सगळ्यांसमोर म्हटलं, "न्हाय. माझ्या लेकीचा हाय. काढा."

अस्तर घामानं ओलं, कॉलरला मेकअपचा रंग. ऊन दाखवलं तर कातडं कडक होऊन तडकतं. झटकून सावलीत पंख्याखाली वाळवला, ओल्या फडक्यानं रंग टिपला, मग केसांच्या वळणानं हलका ब्रश फिरवला. दादा दारातून बघत होते. हळूच म्हणाले, "लई आठवण येती व्हय तिची?" मी मान वर केली नाही. केली असती तर रडले असते, आणि त्यांनाही रडवलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ऋताकडून तिकीट काढून घेतलं. तुझ्या लग्नाला मी येतेय, कोट घेऊन, एकटीच. दिल्लीला विमान बदलायचं म्हणे. दादांना अजून बोलले नाही. ते बाहेर पेपर वाचतायत. हे पाठवलं की जाऊन सांगणार आहे. काय म्हणायचं ते म्हणू देत. तू मात्र अझमतला घेऊन विमानतळावर ये.

तुझीच,
आई