न उमटलेले ठसे

४ फेब्रुवारी

दहाची दहा बोटं नापास! व्हिसा केंद्रातल्या बाईंनी यंत्राची काच पुसली, माझी बोटं पुसली, पुन्हा काच पुसली. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काम तरी काय करता?"

दातांच्या लॅबमध्ये आहे म्हटलं. कॅप, कवळ्या बनवते. अकरा वर्षं फिरत्या चाकावर दात धरून पॉलिश करतेय. हातमोजे घातले की कड बोटाला कळत नाही, म्हणून कधी घातले नाहीत. दातांबरोबर बोटंही गुळगुळीत झाली. ज्या कामासाठी परदेशातली लॅब बोलावतेय, त्याच कामानं अडवलं — कुणाला सांगायचीही सोय नाही, हसतील.

"पंधरा दिवस हातांना आराम द्या, मग या." अठ्ठावीस तारखेच्या आत ठसे गेले नाहीत, तर नोकरीचं पत्र रद्द.

५ फेब्रुवारी

मालकांकडे रजा मागितली. "म्हणजे तुम्हाला मला सोडून जाता यावं, म्हणून मीच रजा द्यायची?" पण दिली. भला माणूस. निघताना एक दाढ पुढे केली, "एवढी जरा बघून जा." हात मागे बांधून नुसती बघितली. अंमळ उंच होती. सांगितलं.

६ फेब्रुवारी

घरात नवऱ्याचं फर्मान निघालं — मी पाण्यात हात घालायचा नाही. भांडी, धुणं, फरशी, सगळं त्यानं अंगावर घेतलं. शाळेत गणित शिकवून येतो आणि बाह्या सरसावतो. सासूबाई बघत होत्या. "आमच्या हातांना असा आराम कुणी दिला नाही हो!" खोचक होतं, पण खरंही होतं. काय बोलणार — आपलेच दात, आपलेच ओठ.

९ फेब्रुवारी

तेल लावलं. बसून राहिले.

१२ फेब्रुवारी

बसून बसून माणसं दिसायला लागलीत. नवरा भांडी फार सावकाश घासतो. एका पातेल्याला दहा मिनिटं! मी मागे जाऊन उभी राहिले की नळ मोठा सोडतो.

त्याचाही फॉर्म आत्ताच भरून ठेवू या, म्हटलं. "तुझा लागू दे आधी. जोडीदाराचा नंतरच घेतात ना." बरोबर आहे, नियम तसाच आहे. पत्र आलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं — गेलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. तो "हो" म्हणाला होता. सासूबाईंनी मोठ्या जाऊबाईंकडे राहायचं ठरलंय. त्यांनी बॅग आत्तापासून भरायला घेतलीय. जाणार मी, घाई त्यांना.

१५ फेब्रुवारी

भिंगातून पाहिलं. उजव्या अंगठ्यावर रेघा! पुसट आहेत, पण आहेत. सगळ्यांना दाखवून झाल्या. सासूबाईंनी चष्मा लावून, उजेडात नेऊन निकाल दिला, "मला तर काही दिसत नाही बाई."

२० फेब्रुवारी

आठ बोटं उमटली. दोन्ही करंगळ्यांनी दगा दिला. "चालतंय, आठांवर भागेल," बाई म्हणाल्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त खूश.

नवरा बाहेर उभा होता. सांगितल्यावर माझा हात धरून एकेक बोट बघत बसला. भर रस्त्यात! लोक वळून बघत होते. मी हात सोडवून घेतला.

२७ फेब्रुवारी

वाट बघणे. लॅबमध्ये परत जाऊ लागले. मालकांनी हातमोज्यांचं खोकं टेबलावर आणून ठेवलंय. अकरा वर्षांनी!

११ मार्च

व्हिसा लागला.

संध्याकाळी त्याचा फॉर्म उघडला. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. तो म्हणाला, "माझा नको भरूस. मी येत नाहीये."

कधी ठरवलंस?

"पत्र आलं त्याच दिवशी. तेव्हा बोललो असतो तर तू गेली नसतीस."

का, ते मी विचारलंच नाही. मी विचारीन म्हणून तो बराच वेळ थांबला होता. इथे खोटं कशाला लिहू — मला आधी हलकं वाटलं. रडू नंतर आलं.